पाठीला पाठ लावलेल्या ओळी

छपाईच्या कलेबद्दल लिहा, असं मला सांगितलं गेलं. कला होती की नाही ते मला माहीत नाही. दिवसभर उभं राहून पाय सुजायचे, बोटं काळी व्हायची आणि शिशाच्या भीतीनं जेवणाआधी हात राखेनं घासावे लागायचे, हे माहीत आहे. चौथी पास झाल्यावर माझी शाळा सुटली. पुढं नांदेडच्या एका छापखान्यात लागले आणि तो बंद पडेपर्यंत तिथंच खिळे जुळवत राहिले. आता लातूरला भावाच्या मुलीकडं, मनीषाकडं, असते. जन्मापासूनचं सगळं सांगत बसणार नाही. एका खटल्यापुरतं सांगते. त्यात मी जे बोलले त्यावरून एक माणूस माझ्यावर अजून रागावलेला आहे.

आधी काम काय होतं ते सांगते, कारण ते आता कुठं दिसत नाही. खिळा म्हणजे शिशाचा बारका दांडा. त्याच्या टोकाला एक अक्षर, तेही आरशात दिसावं तसं उलटं. खणाखणांच्या पेटीतून एकेक खिळा उचलायचा, हातातल्या पट्टीत लावायचा, ओळ भरली की पुढची घ्यायची. सगळ्या ओळी चौकटीत आवळून बांधल्या की त्याला फर्मा म्हणायचं. फर्म्याला शाई लावून कागद दाबला की अक्षर सुलटं उमटायचं. आम्ही उलटं भराभरा वाचायचो आणि सुलटं वाचताना अडखळायचो. हिमायतनगरचा एक शिंपी दुकानाची जाहिरात छापायला देऊन गेला होता. काम कुठवर आलं बघायला आला आणि फर्मा बघून हबकला. "माझं नाव उलटं केलं! आता धंदा बी उलटा व्हायचा." मी छापलेला कागद त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, "आता सुलटं केलं, पण आधी उलटं व्हतं ना?" गेला तो गेलाच. जाहिरात दुसरीकडून छापून घेतली. तिथंही ती उलटीच जुळवली असणार, पण त्यांनी त्याला आत येऊ दिलं नाही, एवढंच.

नांदेडात कितीतरी कामं दोन भाषांत यायची, मराठी आणि उर्दू. बाजारातल्या सूचना, उरुसाचे कार्यक्रम, औषधांची माहितीपत्रकं. उर्दूचे खिळे आमच्याकडं नव्हते. उर्दू मजकूर गफूरभाई बोरूनं कागदावर लिहायचे, त्याचा जस्ताचा ठसा बनवून यायचा आणि तो मी मराठी खिळ्यांच्या शेजारी बसवायची. गफूरभाई कातिब होते, म्हणजे सुंदर अक्षरात लिहून देणारे. माझं मराठी डावीकडून उजवीकडं जायचं, त्यांचं उर्दू उजवीकडून डावीकडं. आमची टेबलं शेजारी होती, त्यामुळं दिवसभर तोंडाचा पट्टा चालायचा.

"सुभद्राबाई, तुमचे खिळे म्हणजे दातांची कवळी. माझं अक्षर म्हणजे खुदचे दात."

"तरीच वाकडे हायत," मी म्हणायची.

दोन भाषांचं काम मांडायची एक रीत ठरलेली होती. मराठी डाव्या बाजूला, उर्दू उजव्या बाजूला. मराठी वाचणारा डावीकडून सुरू करतो, त्याला आधी मराठी दिसतं. उर्दू वाचणारा उजवीकडून सुरू करतो, त्याला आधी उर्दू दिसतं. दोघांनाही वाटतं, आपला मान पहिला. मजकुरात वेळ किंवा अनुक्रमांक असले तर ते मधोमध एकदाच घालायचो, इंग्रजी आकड्यांत, कारण ते सगळ्यांना वाचता येतात. दोन्ही बाजूंच्या ओळी आकड्याकडं चालत यायच्या. या मांडणीला आम्ही तोंडाला तोंड म्हणायचो.

या मांडणीनं पोशट्टीची मिरची जाळली.

पोशट्टी धर्माबादकडचा शेतकरी. तिथल्या एका दुकानदारानं मिरचीवरच्या औषधाचं माहितीपत्रक आमच्याकडून छापून घेतलं होतं. एक दिवस पोशट्टी जळकं रोप घेऊन दुकानदाराकडं न जाता थेट आमच्याकडं आला आणि रोप मालकांच्या टेबलावर ठेवलं. खिशातून आमचंच पत्रक काढून वाचायला लागला. "तोंडाला फडकं बांधा, एक. एक बांधलं. बादली पाण्यानं भरा, दोन. दोन भरल्या. झाकणभर औषध घाला, तीन. तीन झाकणं घातली. काठीनं ढवळा, चार. चारदा ढवळलं. संध्याकाळी झाडावर फवारा, पाच. पाच संध्याकाळी फवारायचं व्हतं, पण चौथ्याच दिवशी झाड राहिलं न्हाई."

ओळ संपते तिथं आकडा होता. तो त्यानं ओळीतच धरला, आणि प्रत्येक आकडा बरोबर जुळला. उर्दू बाजूलाही तेच झालं असतं, कारण उजवीकडून येणारी ओळही त्याच आकड्यापाशी संपत होती.

मालक वैतागून म्हणाले, "अरे, वाचता येतंय का तुला?"

"वाचता येतंय म्हणून तर जळालं," पोशट्टी म्हणाला. "येत नसतं तर शेजाऱ्याला इचारलं असतं."

मी पत्रक उचललं, उभं फाडून तीन तुकडे केले, आकड्यांची पट्टी मधेच राहू दिली आणि दोन्ही भाषांच्या बाजू बदलल्या. मराठी उजवीकडं, उर्दू डावीकडं, आकडा मधे. आता दोन्ही भाषा आकड्यापासून सुरू होऊन दोन दिशांना निघून जात होत्या. आधी तीन, मग "झाकणभर औषध घाला". गफूरभाई मान वर न करता म्हणाले, "हे तर पोराटोरालाही कळतंय. मालक ऐकत न्हाईत म्हणून गप हाय." आम्ही याला पाठीला पाठ म्हणू लागलो.

मालक का ऐकत नव्हते ते लगेच कळलं. पुढचं पत्रक पाठीला पाठ छापलं. दुकानदार आला आणि भडकला, "आमच्या मराठीला उजव्या कोपऱ्यात ढकललं. पहिला मान उर्दूला?" त्याच वेळी एका उर्दू शाळेचे मास्तर परीक्षेच्या सूचना न्यायला आले होते. त्याही तशाच मांडल्या होत्या. ते म्हणाले, "हमारी जुबान को पीछे डाल दिया. पहले मराठी!" दोघं एकमेकांसमोर उभे राहून आम्हाला एकच शिवी देत होते, उलट्या बाजूंनी. मालक माझ्याकडं बघायला लागले. गफूरभाई कलम पुसत म्हणाले, "दोघंबी खफा हायत. म्हणजे काम बराबर हाय."

मी दोघांना म्हटलं, भांडायचं नंतर भांडा, आधी आकड्यावर बोट ठेवून वाचा. दोघांनी वाचलं. अडखळले नाहीत. तरी कुरकुरतच कागद घेऊन गेले. त्या दिवसापासून मी ठरवून टाकलं. चुकीनं नुकसान होण्यासारखं काम असलं की पाठीला पाठ, मग गिऱ्हाईक कितीही ओरडो. लग्नपत्रिका, सत्कार, उद्घाटन, तिथं तोंडाला तोंड. तिथं चुकून कुणी दोनदा ढवळत नाही. मालक सुरुवातीला चिडायचे, नंतर चिडायचे थांबले. मी ऐकत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं.

मग संगणक आले. खिळे भंगारात वजनावर गेले. गफूरभाईंच्या अक्षराची जागा तयार अक्षरांनी घेतली. रडायला मला वेळ नव्हता. संगणकावर बसणाऱ्या मुलीशेजारी खुर्ची टाकून मी मांडणी सांगत बसायची. छापखाना बंद झाला तेव्हा लातूरला आले.

मनीषा लातूरला माहितीपत्रकांचंच काम करते, पण बहुतेक फोनच्या पडद्यासाठी. औषधांच्या दुकानदारांना, दवाखान्यांना दोन-तीन भाषांत सूचना लागतात, आणि ती व तिची जोडीदार ते करून देतात. पाठीला पाठ तिनं माझ्याकडून लहानपणीच ऐकलेलं. तिच्या संगणकाला तिनं ते शिकवलं: मधे आकडा, उर्दू डावीकडं, मराठी उजवीकडं. चार ठिकाणी काम मिळालं, तिचा जम बसला. मग मोठ्या शहरातल्या एका कंपनीची नोटीस आली. ही मांडणी आम्ही शोधून काढली आहे, तिचं पेटंट आम्हाला मिळालं आहे, तुमचं काम बंद करा.

पेटंट म्हणजे नव्या शोधावरचा हक्क. तो मिळाल्यावरही काही मुदतीत हरकत घेता येते. लातूरचेच एक वकील मनीषानं गाठले. शांत माणूस. त्यांनी मला समजेल असं सांगितलं, "आजी, जुनं पत्रक सापडलं तरी पुरणार नाही. कंपनी म्हणते, कागदावर एकदा कुणी केलं असेल, आमचं पडद्यासाठी आहे, कुठल्याही मजकुराला चालणारं आहे. आपल्याला वेगळं दाखवायचंय. या धंद्यातल्या साधारण माणसाला जे सहज सुचेल, त्याला कायदा शोध मानत नाही. हे सहज सुचण्यासारखं होतं, हे तुम्ही सांगायचं. आणि त्या काळचं आणखी कुणी मिळालं तर बरं."

पत्रकं सापडणारही नव्हती. फवारणी झाली की ती बांधावर उडून जातात.

मी नांदेडला गेले. गफूरभाई देगलूर नाक्याजवळ मुलाकडं राहतात. हात थरथरतो, पण जिभेला काही झालेलं नाही. मी काम सांगितलं.

"काय बोलायचं मी?"

"की ही साधी गोष्ट हाय. कुणालाबी सुचली असती."

"कुणाची साधी गोष्ट? मेरी?" ते उठून बसले. "बाई, सगळ्या नांदेडात ते मला एकट्याला सुचलं व्हतं."

"तवा तुम्हीच म्हणला, पोराटोरालाही कळतंय."

"तवा मालक समोर व्हता. मालकापुढं शहाणपण दाखवलं की काम वाढतं."

मी हसले, पण ते हसले नाहीत. "हयातभर लिवलं," ते म्हणाले. "अक्षर माझं, मजकूर दुसऱ्याचा. लग्न दुसऱ्याचं, दुकान दुसऱ्याचं. ही एवढी एक गोष्ट माझी हाय. ती सरकारपुढं मामुली हाय म्हणू?"

"मनीषाचं काम बंद पडून राहिलं, गफूरभाई."

"तिचं वाईट व्हावं असं मी म्हणत न्हाई. पण खोटं बोलणार न्हाई."

मी चहा न घेता निघाले. बसमध्ये मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांचं चुकलं असं म्हणवत नव्हतं म्हणून जास्त राग आला. कारण मलाही ते माझंच वाटत होतं. फाडलेलं पत्रक माझ्या हातात होतं. मनीषा लोकांना तेच सांगत आली होती.

सुनावणी वकिलांच्या कचेरीत संगणकावर झाली. पडद्यावर एका चौकटीत अधिकारी, दुसरीत कंपनीच्या वकीलबाई. माझं म्हणणं आधीच लिहून दिलेलं होतं, आता त्यावर प्रश्न. मला वाटलं होतं, चौथी पास म्हणून हिणवतील. वकीलबाईंनी तसलं काही केलं नाही. त्या गोड बोलल्या, आणि ते जास्त अवघड होतं.

"आजी, तुमच्याआधी नांदेडच्या कुठल्या छापखान्यानं अशी मांडणी छापली होती?"

"माझ्या बघण्यात नाही."

"म्हणजे इतके कारागीर, इतकी वर्षं, आणि केलं तुम्ही. तुम्ही हुशार आहात."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? आयुष्यभर मला कुणी तसं म्हटलं नव्हतं. "हो" माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मग त्यांनी मनीषाच्या जाहिरातीचं पान पडद्यावर दाखवलं. त्यात लिहिलं होतं: माझ्या आत्यानं शोधून काढलेली मांडणी.

"ही तुमचीच भाची ना? ती स्वतःच शोध म्हणते आहे."

मनीषा माझ्या शेजारी बसली होती. तिनं मान खाली घातली. मी म्हटलं, "तिला माझं कौतुक आहे, छापखान्याची माहिती नाही. सुचत सगळ्यांना होतं. करत कुणी नव्हतं."

"दुसऱ्यांच्या डोक्यात काय येत होतं, ते तुम्हाला कसं कळलं?"

प्रश्न बरोबर होता. आमच्या वकिलांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना याचं उत्तर माहीत नव्हतं, कारण मी त्यांना सांगितलंच नव्हतं. सांगावंसं वाटलं नव्हतं. मला ते माहीत होतं, पोशट्टी यायच्या फार आधीपासून.

"डोक्यातलं नाही, हातातलं सांगते," मी म्हटलं. "आमच्याकडं नवं माणूस लागलं की दोन भाषांचं पहिलं काम ते चुकायचंच. आणि एकाच पद्धतीनं चुकायचं. आधी मधे आकडे लावायचं, मग आकड्यापुढं मराठी मजकूर, कारण शाळेत सगळे तसंच लिहितात, आधी आकडा, मग ओळ. मराठी उजवीकडं गेलं की उर्दूच्या ठशाला डावीकडंच जागा उरायची. म्हणजे पाठीला पाठ. मग आम्ही जुनी माणसं डाफरायचो, हे काय केलंस, बाजू बदल. मी नवी होते तेव्हा मीही तेच केलं आणि मलाही बोलणी बसली. ज्याला हे शोध म्हणतात ती आमच्याकडं नवशिक्यांची चूक होती."

अधिकाऱ्यांनी विचारलं, "वाचायला तेच सोपं होतं तर चूक म्हणून दुरुस्त का करत होतात?"

"मानापायी, साहेब. वाचणारा छापखान्यात येत नाही. छापून घेणारा येतो. त्याला आपली भाषा आधी दिसायला पाहिजे असते."

"मग तुम्ही नवीन काय केलंत?"

"काही नाही. चूक दुरुस्त करणं बंद केलं, आणि गिऱ्हाइकाचा ओरडा ऐकून घेतला."

वकीलबाईंनी आणखी विचारलं, पडद्यावर लांब मजकूर आपोआप बसवणं नवशिक्याला जमेल का. मी म्हटलं, पडद्याचं मला कळत नाही, ते मनीषाला विचारा. ते मनीषानं लिहून दिलेलं होतं, त्यावर दोन्ही वकील बराच वेळ बोलत राहिले. मी पाणी प्याले.

बाहेर रिक्षात मनीषा म्हणाली, "आत्या, खरंच ती चूक होती?"

"हाव."

"मग मी लहानपणापासून लोकांना काय सांगत आले?"

"ते पानावरून काढ," मी म्हटलं. तिला वाईट वाटलं असणार. मलाही फार बरं वाटत नव्हतं. पण ते काम तिचं पोट आहे, आणि माझी हुशारी कुणाच्या पोटाला लागत नाही.

काही महिन्यांनी निकाल आला. पेटंट रद्द झालं. मनीषाची जोडीदार आनंदानं ओरडत घरी आली, शेजारणीला पेढे दिले. निकाल इंग्रजीत होता. मनीषानं माझ्यासाठी एक वाक्य मराठीत सांगितलं: ही मांडणी या व्यवसायातल्या साधारण कारागिराला, किंबहुना नवशिक्यालाही, सहज सुचली असती. मी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. साधारण कारागीर. एवढी वर्षं उभं राहून शेवटी सरकारनं शिक्का मारून दिला तो हा. आणि तो मीच मागून घेतला होता.

ते वाक्य पाठ करून मी नांदेडला गेले. न जाणं बरं दिसलं नसतं. गफूरभाईंना सुनावणीत मी काय बोलले ते मनीषाकडून आधीच कळलं होतं. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. मी बसले.

"नवशिक्यांची चूक," ते म्हणाले. "माझ्या कामाला चूक म्हणली तुम्ही."

"माझ्या बी."

"तुमच्या कामाला म्हणा की. मी कुठं न्हाई म्हणलो?"

सुनेनं चहा आणला. या वेळी मी घेतला. मग त्यांना राहवलं नाही. "ती पोरगी आता कशी लावून राहिली?"

"पाठीला पाठ."

"लोकं भांडत न्हाईत?"

"भांडतात. परवा उदगीरच्या एका दवाखान्याचा फोन आला व्हता, कन्नड-उर्दू पत्रकात कन्नड मागं टाकली म्हणून."

हसू आलं तरी त्यांनी ते मिशीत दाबलं. मग म्हणाले, "सांगा काय लिवलंय ते."

मी पाठ केलेलं वाक्य सांगितलं. साधारण कारागीर. किंबहुना नवशिकाही. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, चांगलं अक्षर बघावं तसं.

"नाव कुणाचं हाय त्यात?"

"माझं. साक्षीदार म्हणून."

"माझं?"

"न्हाई. तुम्ही आलाच न्हाईत."

"मग झालं." त्यांनी थरथरत्या हातानं कप खाली ठेवला, सांडू दिला नाही. "साधारण कारागीर तुम्ही, सुभद्राबाई. माझ्याबद्दल सरकार काही बोललेलं न्हाई."

"हाव, गफूरभाई," मी म्हटलं. "तुमचा निकाल अजून लागायचा हाय."